पानी पेली काय?

कुंदा गाडीत बसली की आधी चपला काढायची. डाव्या हाताने त्या सीटखाली सरकवायची, तळपाय एकमेकांवर घासून धूळ झाडायची आणि मगच किल्ली फिरवायची. उन्हाळ्यात पत्रा तापलेला असो की पौषातली थंडी असो, गाडी अनवाणीच. नवीन बसलेली बाई हमखास विचारायची, "काहून वो, चप्पल काहून काढली?"

"पायाले समजलं पायजे ना, काय दाबून राहिली ते," कुंदा म्हणायची आणि लगेच मागे वळून बघायची. "तू पानी पेली काय?"

हा प्रश्न ती सगळ्यांना विचारत असे. रामराम, जयभीम, नमस्कार यांच्या जागी तिच्याकडे हे एकच वाक्य होतं. एकदा तालुक्याहून साहेब आमच्या दवाखान्याच्या तपासणीला आले होते. त्यांनाही विचारलं. साहेब म्हणाले, "नको नको, पाणी नको." कुंदा म्हणाली, "देऊन नाही राहिली साहेब, विचारून राहिली. पेले काय?" साहेबांनी बॅगेतली बाटली काढून मुकाट्याने दोन घोट घेतले. जाताना मला म्हणाले, ही बाई तुमच्याकडे कोणत्या पदावर आहे? मी म्हटलं, पद नाही, समोर राहते.

आंधळगावच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून आले तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. निघाले तेव्हा डोळ्यांवर चष्मा आला होता आणि गुडघे बोलू लागले होते. मधली सगळी वर्षं रस्त्याच्या पलीकडे कुंदाचं घर होतं. आता माझी बदली पवनीला झाली आहे. पवनी कुंदाचं माहेर. इथे बाजारात कापडाच्या दुकानावरून जाताना ती आठवते, म्हणून हे लिहून काढते आहे.

तिची पहिली नोकरी अशाच एका दुकानातली. घर बौद्ध, वडील शाळेत शिपाई. बारावी झाल्यावर कुंदा साड्यांच्या घड्या मोडायला आणि पुन्हा घालायला दुकानात लागली. माधव आंधळगावचा, विणकराचा मुलगा. कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, साड्या घेऊन तो पवनीला यायचा.

"साडी देवाले याचा आन पानी पेऊन जाचा," कुंदा सांगायची. "मंग घंट्याभरानं पुन्हा पानी प्याले याचा. शेठ म्हने, काय रे, तुह्या गावातल्या विहिरी आटल्या काय?"

त्यांनी भंडाऱ्याला जाऊन लग्न नोंदवलं. तिचे वडील आले नाहीत. त्याची आई आली नाही. पण त्याच्या घराला दार एकच होतं आणि आईला ते उघडावं लागलं.

या आईला सगळी आळी बुढी म्हणायची. मी तिला सरळ उभी असलेली कधी पाहिली नाही. जन्मभर मांडी घालून कोशाचं सूत काढलं होतं तिने. उकळलेले कोसले ताटलीत घ्यायचे, चार-पाच कोसल्यांचे तंतू एकत्र ओढायचे आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळत न्यायचे. लुगडं मांडीपर्यंत सारून बसावं लागतं, म्हणून हे काम आतल्या खोलीत. घरातले पुरुष त्या वेळी तिकडे फिरकत नाहीत. वर्षानुवर्षं हे काम केलेल्या बाईच्या मांडीवर एक काळा, चकचकीत पट्टा तयार होतो. दवाखान्यात बाई तपासायला झोपली की मला पट्ट्यावरून कळायचं, ही सूतवाल्या घरची.

बुढीने कुंदाला घरात घेतलं. काही महिन्यांनी तिच्या हातची भाकरीही खाल्ली. सुताच्या खोलीत मात्र घेतलं नाही. "आमचं काम आहे हे. तुह्या हातानं नाही निघत," एवढंच म्हणायची.

मग बुढीच्या मांडीला जखम झाली. पट्टा फाटून आतून पाणी येऊ लागलं. मी पट्टी बांधली आणि बजावलं, आता काही दिवस सूत बंद. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला गेले तर आतल्या खोलीत कुंदा बसलेली. मांडी सोलून लाल झालेली, समोर गाठीगाठींचं सूत. बुढी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि भिंतीशी बोलावं तशी बोलत होती.

"राखड लाव हाताले. जोरानं नको ओढू."

"आत्या, वळून पाहा ना एकडाव, बराबर आहे काय ते."

"पाहाचं काय त्याच्यात? मले आयकू येते."

तेवढ्यात सूत तुटलं. मला काही ऐकू आलं नाही. बुढी म्हणाली, "तुटलं. बांध."

अशी कुंदाची दुसरी नोकरी सुरू झाली. तिच्याही मांडीवर पट्टा आला.

साक्षी जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. दात यायच्या वयात तिचे हातपाय सुजले. बोटं पावासारखी फुगली आणि पोर दिवस दिवस रडू लागली. बुढीने दृष्ट काढली, एरंडाचं पान तापवून बांधलं. मी रक्त तपासायला पाठवलं. सिकलसेल निघाला.

आमच्या भागात हा शब्द नवीन नाही. पण त्याच्याबद्दलचा एक समज फार जुना आहे. हा आजार 'त्यांच्यात' असतो, 'आमच्यात' नसतो, असं प्रत्येक 'आमच्या'ला वाटतं. मी ओट्यावर बसून घरच्यांना समजावलं. यातला अर्धा भाग आईकडून येतो, अर्धा बापाकडून. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत राहतो, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. दोघांकडून आला तर लेकराला भोगावं लागतं. म्हणजे दोघांचं रक्त तपासायला हवं.

कुंदाने तिथल्या तिथे बोट पुढे केलं. तिच्यात होता.

"पाहा!" बुढी म्हणाली. "मी म्हनतच होती. पवनीवरून आनलं हे. आमच्यात असं काही नसते."

माधव म्हणाला, उद्या येतो तपासायला. तो उद्या आलाच नाही. बुढीनेच त्याला शपथ घातली होती. वर्षभर कुंदा ऐकत राहिली. पाण्याला गेली तरी ऐकायची, बाजारात गेली तरी ऐकायची. ती भांडखोर नव्हती, पण दबणारीही नव्हती. एकदाच मला म्हणाली, "सिस्टर, रगत बदलता येते काय माहं? सगळंच काढून?" मी नाही म्हटलं. "मंग जाऊ द्या," म्हणाली आणि साक्षीला वाटीने पाणी पाजू लागली. या पोरांना पाणी कमी पडलं की दुखणं उठतं. थंडी लागली की उठतं. थकलं की उठतं. पाण्याचं तेवढं आपल्या हातात असतं.

एके दुपारी बुढी एकटीच रस्ता ओलांडून दवाखान्यात आली. खुर्चीवर बसली आणि बोट पुढे केलं. "माहं पाह्य."

ही तपासणी सोपी आहे. रक्ताचा थेंब औषधाच्या नळीत टाकायचा आणि नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरायचं. रेघा दिसल्या तर ठीक. नळी गढूळ झाली आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर आजाराचा अंश आहे. बुढी नळीकडे टक लावून बसली होती.

"सिस्टर, रेघा दिसत नाही."

"हो."

"माही नजर गेली असन."

"नाही आजी. मलाही दिसत नाहीत."

तिने बोटाला लुगड्याचा काठ गुंडाळला आणि निघून गेली. संध्याकाळी दिवेलागणीला ती अंगणात खाट टाकून बसली. साक्षीला मांडीवर घेतलं आणि आळीतल्या सगळ्या बाया आपापल्या दारात असताना मोठ्याने म्हणाली, "आयका वो! आमच्याच घरचं आहे. माह्यातच आहे. तिचं एकटीचं नाही."

आत चुलीपाशी कुंदा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्ये एकदाच थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

माधव दुसऱ्या दिवशी आला. त्याच्यातही होता. तो बाकावर बसला. मग म्हणाला, "म्हंजे आमी दोघानं मिळूनच देल्लं हे तिले?"

मी हो म्हटलं.

"लग्न केलं नसतं तं?"

"तर साक्षी नसती."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला तिचं कण्हणं ऐकवत नसे, एवढंच. साक्षीचं दुखणं उठलं की तो मागावर जाऊन बसायचा आणि फणी जोरजोराने ठोकायचा. आवाज वाढला की आळीला कळायचं, आज पोरीचं बरं नाही. साक्षी तीन वर्षांची झाली तेव्हा एका हिवाळ्यात तो म्हणाला, गुजरातेत कारखान्याच्या मागावर काम मिळतं, दिवाळीला येतो. पहिल्या दिवाळीला आला. नंतर पैसे येत राहिले, मग तेही उशिराने. तिकडे त्याने दुसरं घर केलं असं गावातल्या कुणीतरी सांगितलं. कुंदा त्याला शिव्या देईल म्हणून बाया वाट बघत होत्या. तिने दिल्या नाहीत. "काही लोकाइले रगत पाहवत नाही," म्हणाली. "याले आयकवत नाही."

तो गेला तेव्हा मागावर एक साडी अर्धी विणलेली होती.

आळीत बाया सूत काढतात, पुरुष विणतात. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेली बाई तोवर कुणी पाहिली नव्हती. कुंदा बसली. तिचे पाय खाली पायाने दाबायच्या पावड्यांना पोचेनात, तर तिने पावड्यांवर लाकडाच्या फळ्या बांधल्या. धोटा फेकायला शिकताना तो दहादा जमिनीवर. आळीतली माणसं मुद्दाम दारात उभी राहायची.

"वहिनी, मागावर बसलं तं मिशा येते म्हनते!"

"तुमाले तं अजून आल्या नाही भाऊजी, मले कुठून येनार?"

साडी पूर्ण व्हायला फार दिवस लागले. मी दिवस मोजले नाहीत, पण साक्षी त्या काळात दोनदा दवाखान्यात राहून आली. साडी उतरवली त्या दिवशी मी तिथेच होते. बुढीला तोवर मोतीबिंदूने दिसेनासं झालं होतं. तिने साडी मांडीवर घेतली आणि एका टोकापासून बोटं फिरवत निघाली. मध्ये एका जागी बोटं थांबली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा तिथेच थांबली.

"इथं माधव उठला," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. नीट पाहिलं तर एक फिकी आडवी रेघ होती. तिच्या अलीकडचा फणीचा ठोका घट्ट, पलीकडचा जरा सैल.

"व्यापारी म्हनते, थोडं कमी करून घेऊन जातो," कुंदा म्हणाली.

"कोनाले नाही द्याची," बुढी म्हणाली. साडी स्वतःच्या हाताने पेटीत ठेवली. कुंदाने वाद घातला नाही. पुढच्या साड्यांवर तिचा एकटीचाच ठोका होता आणि त्या विकल्या गेल्या. बुढी गेली तोवर कुंदाचा ठोका घट्ट झाला होता.

माधवशी तिचं बोलणं बंद झालं नव्हतं. तिची एक पद्धत होती. साक्षीला दवाखान्यात न्यावं लागलं की ती त्याला कधी कळवत नसे. रक्त लागलं, ताप चढला, काहीच नाही. पोरीला घेऊन घरी परत आली, की चूल पेटवायच्या आधी फोन लावायची. "घरी आलो," एवढं म्हणायची. तिकडून तो "बरं" म्हणायचा. फोन बंद. मी एकदा विचारलं, आधी का नाही सांगत? ती म्हणाली, "आधी सांगून काय, तिकडं बसून त्यानं फणी ठोकाची?"

साक्षी सातवीत असताना जानेवारीत एका सकाळी तिचं दुखणं उठलं. धुकं इतकं की माझ्या दारातून कुंदाचं घर दिसत नव्हतं. रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन गेलेली. ऑटोवाला तापाने पडलेला. शेवटी धानाची पोती घेऊन तुमसरला निघालेला एक ट्रॅक्टर आम्ही थांबवला. पोत्यांवर गोधडी टाकून कुंदा पोरीला कवेत घेऊन बसली. प्रत्येक खड्ड्याला साक्षी ओरडायची आणि कुंदा ट्रॅक्टरवाल्याला म्हणायची, "हळू चाल ना भाऊ," आणि लगेच, "लवकर चाल ना."

चार दिवसांनी परतली. फोन केला, चूल पेटवली आणि माझ्याकडे आली.

"सिस्टर, मले गाडी शिकाची आहे."

कोशाचं काम तसंही ओसरलं होतं. यंत्रावरचं सूत आलं होतं, नकली कोसा आला होता. तुमसरच्या राईस मिलवर एक म्हातारे ड्रायव्हर होते, भोजरामभाऊ. ते शिकवायला तयार झाले, पण त्यांचा आवाज मिलच्या भोंग्यासारखा. पहिल्या दिवशी मी मागे बसले होते. गाडी बेडकासारखी उड्या मारत होती.

"क्लच सोड! सोड म्हनतो ना! तो नाही, दुसरा!" भोजरामभाऊ ओरडले. "पायाखाली काय आहे ते कळते का नाही तुले?"

कुंदाने गाडी बंद केली. चपला काढून सीटखाली सरकवल्या. दोन्ही पाय पेडलवर ठेवले आणि नुसती दाबून पाहात राहिली, एक वर, एक खाली.

"ह्या तं पावड्याच आहेत," ती म्हणाली.

त्यानंतर गाडीने उडी मारली नाही.

बचत गटाचं कर्ज काढून तिने जुनी व्हॅन घेतली. माग मोडला. लाकूड भोजरामभाऊंच्या पुतण्याने नेलं. मागाचा खड्डा मात्र तिने बुजवला नाही. त्यात पाण्याचे कॅन ठेवायला लागली, तिथे ते गार राहायचे. सकाळी शाळेची पोरं, दुपारी बाळंतिणी, आणि ठरलेल्या दिवशी मोहाडी तालुक्यातली सिकलसेलची लेकरं रक्त चढवायला भंडाऱ्याला. या लेकरांसाठी गाडीत नियम होता. प्रत्येकाच्या हातात बाटली, आणि बाटली संपल्याशिवाय उतरायचं नाही. परिणामी दर थोड्या वेळाने गाडी थांबवावी लागे. रस्त्यातलं प्रत्येक बाभळीचं झाड त्या पोरांना पाठ झालं होतं. वरठीच्या अलीकडे एक मोठी बाभूळ आहे, तिथे तर गाडी आपोआप थांबायची.

"माझी आई माणूस नाही, सिस्टर," साक्षी म्हणायची. "पाणपोई आहे."

साक्षीची जीभ तिखट होती. शाळेत ती शुद्ध बोलायची, घरी आईची नक्कल करायची. सलाईन लावताना मला शीर सापडली नाही की म्हणायची, "सावकाश शोधा, मला कुठे लग्नाला जायचं आहे." दुखणं असताना ती ओरडायची नाही, मोठी झाल्यावर. ओठ दाबून छताकडे बघायची. कुंदा तिचे पाय चोळायची, गरम पाण्याची पिशवी फिरवायची. त्या वेळी मी इंजेक्शन देऊन निघून येत असे.

अठरा झाल्यावर तिने हट्ट धरला, मला गाडी शिकव. शाळेच्या मैदानावर दोघी रविवारी जायच्या. बाजूच्या सीटवर कुंदा, पायाखाली पेडल नसताना पाय दाबणारी. साक्षी पांढरे बूट घालून.

"बूट काढ. कळत नाही बुटात."

"आई, मला कळतं."

"तुले कळत असन. मलेच भेव वाटते."

"मग तू डोळे मीट. आणि पाणी पी."

तिला रक्त तपासणीचा कोर्स करायचा होता. मला म्हणाली, "नळीमागचं ते कार्ड मी धरणार. आजीला दिसलं नव्हतं ना, तसं म्हाताऱ्यांना मी आधी नीट समजावून सांगणार, मग दाखवणार." भंडाऱ्याला प्रवेश मिळाला. कुंदाने आळीत पेढे वाटले. तिने आयुष्यात जे काही केलं, सूत, माग, गाडी, ते सगळं ही पोर जगावी म्हणून केलं. पोर आता फक्त जगत नव्हती, कॉलेजात जात होती. कुंदा मला म्हणाली, "सिस्टर, आता थोडं निवांत वाटून राहिलं." मी तिला पहिल्यांदाच दुपारी झोपलेली पाहिली.

त्या हिवाळ्यात साक्षीच्या छातीत दुखू लागलं. आधी खोकला, मग श्वास पुरेना. कुंदाने वेळ घालवला नाही. गाडी दारात होती, मी बरोबर होते, भंडाऱ्याला खाट मिळाली, डॉक्टर धावले, रक्त मिळालं. सगळं वेळेवर झालं. हे मी मुद्दाम लिहिते. लोक नंतर विचारतात, उशीर झाला का? झाला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साक्षी गेली. एकोणीस वर्षांची होती.

दुसरी गाडी करू, असं मी म्हटलं. कुंदा म्हणाली, "माही गाडी आहे ना." मागच्या सीटवर साक्षीचं डोकं मी मांडीवर घेतलं. कुंदाने चपला काढल्या, पाय झाडले, किल्ली फिरवली. रस्ताभर ती नेहमीच्याच वेगाने चालवत होती, वळणावर हॉर्न देत होती. वरठीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि थांबली. मी विचारलं, काय झालं? तिने समोर पाहिलं. ती मोठी बाभूळ होती. मग कुंदाने गिअर टाकला.

घरी बाया जमल्या. नवं कापड आणायला माणूस पाठवायचं बोलणं चाललं होतं. कुंदा आत गेली, पेटी उघडली आणि ती साडी घेऊन आली.

"अवो, एवढं कोशाचं लुगडं जाळते काय?" शेजारच्या काकू म्हणाल्या. "ठेवून दे. बुढीनं जपलं होतं."

"कोनासाठी ठेवू?"

मी आणि काकूंनी साक्षीला साडी नेसवली. मी निऱ्या नीट करत होते म्हणून दिसलं, ती फिकी रेघ मधल्या एका निरीवर उभी आली होती.

माणसं तिला घेऊन जाण्याआधी कुंदाने कोपऱ्यात जाऊन फोन लावला. मी शेजारीच उभी होते. तिने फोन कानाला धरला, तोंड उघडलं आणि तिला शब्द फुटेना. ती नुसती श्वास घेत होती. तिकडून माधवचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"बरं," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तिने परत लावला नाही.

तो आला तेव्हा आठवडा उलटला होता. मी सकाळी कुंदाच्या ओट्यावर बसले होते, ती तांदूळ निवडत होती. फाटकाशी एक माणूस येऊन थांबला. केस पांढरे, हातात कापडी पिशवी. मी ओळखायच्या आधी तिने ओळखलं. सूप खाली ठेवलं नाही.

"पानी पेला काय?" ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग सूप बाजूला ठेवून ती आत गेली, खड्ड्यातल्या कॅनमधून तांब्या भरून आणला. तो उभ्यानेच प्यायला आणि ओट्याच्या कडेला बसला.

"फोन आला तवा मले वाटलं, घरी आले तुमी," तो म्हणाला. "तू काही बोल्ली नाही. मले वाटलं, रेंज नसन. म्हनून मीच बरं म्हनलं. मांगून गावातल्या पोट्ट्यानं सांगतलं."

"हाव."

"सांगाले पायजे होतं तू."

"सांगूनच राहिली होती."

तो दारातून आत बघत होता. माग होता त्या जागी आता खड्डा आणि कॅन.

"ते लुगडं," तो म्हणाला. "अर्धं राहिलं होतं माह्याच्यानं. विकलं काय मंग?"

"नाही. पुरं केलं."

"आहे काय घरात?"

"साक्षीले नेसवलं."

तो काहीतरी बोलणार होता. "त्याच्यात माहं..." एवढंच आलं.

"होतं ना. निऱ्यापरयंत तुहं होतं. तिथून पदरापरयंत माहं."

माधव पिशवीत तोंड घालून रडला. कुंदा रडली नाही. तिने सूप उचललं आणि तांदळातले खडे वेचायला लागली.

तेवढ्यात वरच्या आळीतली एक बाई लहान मुलीला खांद्यावर टाकून धावत आली. पोरीच्या हातांची बोटं फुगलेली. मी दुरूनच ओळखलं. कुंदानेही. साक्षी गेल्यापासून गाडी बंदच होती, धूळ खात फाटकापाशी उभी. कुंदाने सूप माझ्या मांडीवर ठेवलं, किल्ली काढली आणि चालता चालता पोरीच्या गालाला हात लावला.

"पानी पेली काय वो, माय?"

बाई मागे बसली. कुंदाने घाईत चपला बाहेरच, मातीत काढल्या आणि दार ओढलं. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली नाही, दुसऱ्या किल्लीला झाली. वळणावर तिचा उजवा हात खिडकीबाहेर आला, इशाऱ्यासाठी, आणि गाडी भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली. मी दवाखान्यात कळवायला फोन काढला.

फोन करून वळले तेव्हा माधव फाटकापाशी उभा होता. तिच्या चपला त्याने मातीतून उचलल्या होत्या. एकीवर एक आपटून त्याने धूळ झाडली, ओट्यावर जोडीने ठेवल्या, आणि पिशवी घेऊन तो स्टँडकडे चालू लागला.